न बघता लिहिलेले दोन

मॅडमनी माझी मुलाखत घेतली तेव्हा डिग्री बघितली नाही, मार्क विचारले नाहीत. मायक्रोस्कोपखाली एक काच सरकवली, स्वतः खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "बस. सांग, कोण नाही?"

मी पॅथॉलॉजीत एमडी करून नुकतीच बाहेर पडलेले, अंगात रग होती. डोळा लावला आणि सांगत सुटले. तांबड्या पेशी ठीक, प्लेटलेट भरपूर, पांढऱ्यांमध्ये हे इतके, ते तितके. मॅडमनी टेबलावर पेनाने टकटक केलं. "कोण आहे ते मी विचारलंच नाही. कोण नाही?" मी बराच वेळ डोळे फोडून शेवटी म्हणाले, "मला नाही सांगता येत."

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या. "काहीतरी फेकलं नाहीस, हे बरं केलंस."

शहाड स्टेशनपासून थोडं आत, जुन्या गावठाणाला टेकून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर मॅडमची लॅब. त्या राहायच्या ठाण्याला, वर्तकनगरच्या कॉलनीत. रोज बसने यायच्या आणि बसमध्येही त्यांचं काम चालूच असायचं. एकदा तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरला त्यांनी जीभ दाखवायला लावलेली. तो बिचारा इतका बावरला की त्याने खरंच दाखवली, मागच्या माणसानेही दाखवली. कंडक्टरला त्यांनी स्टॉपचा पत्ता देऊन लॅबमध्ये बोलावलं, मागच्याला "तुमची ठीक आहे, आत घ्या" म्हणाल्या. चौदा एप्रिलला पांढरीशुभ्र साडी नेसून लॅब बंद ठेवायच्या, ती वर्षातली त्यांची एकुलती एक सुट्टी. बाकी दिवाळी असो की पूर आलेला असो, मॅडम खुर्चीत.

रक्त तपासणाऱ्या मशीनवर त्यांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं, जुन्या टीव्हीवर असायचं तसं. "त्याला आलेले मोजता येतात," त्या म्हणायच्या. "पंगतीत कोण बसलंय हे वाढपीसुद्धा सांगेल. घरातली शहाणी बाई कोण आलं नाही ते बघते."

आणि काचा. रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली एकही काच त्यांनी कधी फेकली नाही. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यांत भरून माळ्यावर. माळा वाकायला लागला तेव्हा वरच्या मजल्यावर राहणारे इमारतीचे मालक, शेट, खाली येऊन बोंबलले, "मॅडम, लोकांचा रगत पाठीखाली घेऊन झोपतंव आमी! टाका गो ता!" मॅडमनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माळ्याला लोखंडी पट्टी मारून घेतली.

त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणात वरचा नंबर होता त्या शिक्षेचा. ती समजायला धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार असतात. शंभर पेशी मोजायच्या आणि त्यात कोण किती ते लिहायचं. आमचं मशीन जुनं, ते तीनच ढोबळ गट पाडायचं. पुढची फोड माणसाने डोळ्यांनी करायची. पाचांपैकी मोनोसाइट नावाच्या पेशी मुळातच थोड्या. त्यामुळे कित्येक लॅबमध्ये एक चाल पडून गेलेली आहे. गर्दी असली की मोनोसाइट बघत बसायचं नाही, दोन लिहून मोकळं व्हायचं. 'मोनो दोन टाक' हे आमच्याकडे 'चहात साखर टाक' इतक्या सहज म्हणतात. शून्य लिहिलं की डॉक्टरांचा फोन येतो, दोन लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

मॅडमच्या लॅबमध्ये असे दोन टाकताना कुणी सापडला की त्याने त्या पेशंटच्या घरी जायचं, समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "तुमच्या रक्तात मी न बघता दोन लिहिले. चूक माझी. खरा आकडा हा." शब्द ठरलेले, त्यात बदल चालायचा नाही. आमचा एक टेक्निशियन असा जवळच्या मोहने गावात गेला, तर तिथल्या आजोबांना वाटलं काहीतरी बक्षीस लागलंय, त्यांनी त्याला पोहे खाऊ घातले. दुसरी एकजण रडत गेली आणि हसत परत आली. शेट संध्याकाळी लॅबच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, ते रोज विचारायचे, "आज कोनाचे दोन निंगाले?" साऱ्या इमारतीला ती गंमत पाठ झालेली होती. मॅडमना ही कटकट कुठून सुचली, ते कुणाला माहीत नव्हतं.

शेट म्हणजे इथले मूळचे. नदीकाठी यांची भातशेती होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. बोटांत अंगठ्या, गळ्यात चेन, पण पाय अजून चिखलात चालल्यासारखे फाकवून टाकायचे. मुलं लहान असतानाच बायको गेलेली. सारखा ताप, सारखा खोकला. टीबी म्हणाले, औषधं झाली, गुण आला नाही. मुलगी रोशनी मोठी, कल्याणच्या शाळेत शिक्षिका. मुलगा प्रणय धाकटा, बापाची बांधकामं बघायचा. शेटनी दुसरं लग्न केलं नाही. दोघांना त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, आत्याने, वाढवलं.

प्रणयची हळद होती त्या दिवशी मॅडमनी जे केलं ते ऐकून अजून लोक कपाळावर हात मारतात. आमच्या इथली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, बेंजो, अख्खं गाव. मॅडम पाटाजवळ गेल्या, नवऱ्या मुलाला हळद लावायला म्हणून वाकल्या आणि त्याचा हात हातात घेऊन तशाच थांबल्या. मग पर्समधून रुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या बोटांवरची हळद पुसली. हळदीखाली चामखिळी होत्या, बोटाबोटावर, पुंजक्यांनी.

"किती वर्षं आहेत रे ह्या?"

"लहानपणापासून, मॅडम. चुना लावून झाला, जाळून झाल्या. परत येतात."

"सोमवारी खाली ये. रक्त दे."

बेंजो थांबला होता. आत्या मध्ये आली. "आगो बाये, नवऱ्याची हलद पुसलीस? तुना काय आक्कल हाय का नाय?" मला मांडवातून पळून जावंसं वाटलं. मॅडमनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जेवायला बसल्या. सोमवारी प्रणय काही आला नाही. आत्याने येऊ दिलं नाही.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात रोशनी आजारी पडली. तिचा एक पाय नेहमीच सुजलेला असायचा, शाळेत उभं राहून राहून असं सगळे म्हणायचे. आता ताप सुटेना. रक्तातल्या पेशी उतरायला लागल्या. इथे त्या दिवसांत पेशी उतरल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच, डेंग्यू. पपईच्या पानांचा रस पाजून आत्याने तिला हैराण केलं. मॅडमनी तिची काच बघितली, शेटना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात तिची हाडातली तपासणी झाली. रक्त जिथे तयार होतं ती जागाच बिघडली होती, कॅन्सरच्या उंबरठ्यावर होती. दुसऱ्या कुणाचा तरी निरोगी बोनमॅरो तिला द्यावा लागेल, नाहीतर पोरगी हातची जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पंधरवड्यात शेट पेढे घेऊन लॅबमध्ये आले. डोळ्यांत पाणी. "मॅडम, आमचा पोरगा जुलला! भावाचा भैनीला शंबर टक्के जुलला! डॉक्टर बोलले, आसा नशीब कोनाचा नसतो."

मी पेढा घेतला, त्यांच्या पाया पडले. मॅडमनी पेढा टेबलावर ठेवला. "त्याच्या बाकीच्या तपासण्या झाल्या?"

"व्हतील ना आता."

"आधी त्याला खाली पाठवा. आत्ता. नाहीतर मी वर येते सुई घेऊन."

प्रणय आला. ठणठणीत, दंड भरलेले, चेष्टा करत होता. मॅडमनी स्वतः रक्त घेतलं, स्वतः काच पसरली, स्वतः रंगवली. शंभर पेशी मोजल्या. परत शंभर. मग काच बदलून परत. मला बोलावलं, खुर्चीतून उठल्या. "बस. कोण नाही?"

या वेळी मला दिसलं. खरं म्हणजे दिसलं नाही. काच उभी-आडवी पालथी घातली तरी एकही मोनोसाइट नव्हता. रोशनीच्या काचेतही नव्हता, पण ती आजारी होती, तिच्यात सगळंच कमी होतं. हा तर दंड फुगवून समोर बसला होता.

"तुझे आधीचे रिपोर्ट?" मॅडमनी विचारलं. त्याने मोबाइलवर दाखवले, वेगवेगळ्या लॅबचे. मोनो दोन, मोनो तीन, मोनो दोन. मॅडमचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

प्रणयचा बोनमॅरो घ्यायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं आणि वर एकच आकांत झाला. "हिनाच हलद पुसलेली," आत्या जिन्यातून ओरडत होती, "आता पोरीचा जीव घ्याला निंगाली!" शेट माझ्यावर, मॅडमवर, सगळ्यांवर चिडलेले. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी आजवर ऐकलेलं सगळ्यात सोपं व्याख्यान दिलं.

"शेट, तुम्ही राब केलेत ना भाताचे? रोपं आधी राबात वाढवायची, मग लावणी. तसा प्रत्येकाच्या हाडात राब असतो. रक्ताची सगळी रोपं तिथे होतात. कुठल्या रोपाने पुढे कोण व्हायचं, हे सांगणारी जनुकं असतात, आईबापाकडून आलेली. त्यातलं एक आहे, गाटा-दोन म्हणतात त्याला. ते बिघडलं की काही रोपं उगवतच नाहीत. चामखिळी जात नाहीत, पाय सुजतो, ताप येत राहतो. आणि एक दिवस सगळा राब कुजतो. रोशनीचा कुजला. प्रणयचा अजून हिरवा आहे, पण मला वाटतं बी तेच आहे. तेच तिच्यात लावायचं?"

शेट मग म्हणाले, "म्हंजे बियानाच खोटा?"

मॅडमनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, दोघा भावंडांची जनुकतपासणी केली. दोघांतही गाटा-दोन बिघडलेलं निघालं, एकाच जागी. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी प्रणय लॅबच्या पायरीवर बसून राहिला. "मी तिला मारलं असतं, डॉक्टर," एवढंच तो मला म्हणाला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

मग डॉक्टरांनी शेटना विचारलं. बापाचा मुलीशी अर्धा मेळ असतोच, आणि हल्ली अर्ध्या मेळावरही भागवता येतं, फक्त ते बिघडलेलं जनुक बापाकडून आलेलं नसलं पाहिजे. शेटना हे काही केल्या पटेना. "शंबर टक्के जुलला तो नको, न् अर्दा जुललाय तो चालतंय? हा कंचा हिशोब?" तरी दंड पुढे केला. त्यांच्या जनुकाचा रिपोर्ट यायला अवकाश होता, पण काच त्याच दिवशी झाली. त्यांच्या रक्तात मोनोसाइट होते, व्यवस्थित, हवे तितके. मॅडमनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"मग आईकडून," त्या म्हणाल्या.

शेट दुसऱ्या दिवशी बायकोची फाइल घेऊन आले, मुंबईला दाखवायची होती म्हणून. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला अजून कापराचा वास. त्यात आमच्याच लॅबचा एक जुना रिपोर्ट होता, खाली मॅडमची सही. मी वाचला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो मॅडम, आईला तर होते. मोनो दोन लिहिलंय. मग दोघांकडेही होते, तर या मुलांत आलं कुठून?"

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला. मी आयुष्यात एखाद्या माणसाचा रंग डोळ्यांदेखत उतरताना तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी शिडी मागवली. त्यांचे गुडघे गेलेले, मी नको नको म्हणत असताना त्या माळ्यावर चढल्या आणि सबंध दुपार तिथेच बसल्या. खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. खाली आल्या तेव्हा केसांत जळमटं, आणि हातात वर्तमानपत्राची एक पुडी.

काचेचा रंग उडाला होता. त्यांनी ती पुन्हा रंगवली, वाळवली, लावली. मोजत असताना त्यांचे ओठ हलत होते. मग उठल्या आणि मला खूण केली. मी बसले. कोण नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

"मॅडम," मी म्हणाले, "त्या वेळी गाटा-दोनचं हे कुणालाच माहीत नव्हतं. जगात कुणालाच नाही. तुम्ही शून्य लिहिलं असतं तरी..."

"जनुक माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शून्य माहीत होतं मला. पहिली दोन-तीन वर्षं मी एकटी होते, पावसाळ्यात दाराबाहेर रांग असायची. मीही टाकायचे दोन. मग एक दिवस माझीच मला लाज वाटली, सोडलं. तुम्हाला सगळ्यांना एवढं छळलं ते त्यासाठीच. पण मागे वळून माळ्यावर काही चढले नाही मी. कुणाकुणाला लिहिले होते, बघितलंच नाही." मग त्यांनी पदर नीट केला. "शेट वर आहेत का बघ."

मी त्यांना अडवलं. सांगते, अक्षरशः दारात आडवी उभी राहिले. थोड्याच दिवसांत या माणसाला आपल्या हाडातला रस मुलीला द्यायचाय, आत्ता त्याला हे सांगू नका, सगळं पार पडल्यावर सांगा. "तोवर तो रिपोर्ट खरा राहील," त्या म्हणाल्या आणि मला बाजूला सारून जिना चढायला लागल्या.

रोशनीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. शेटचं जनुक स्वच्छ निघालं. त्यांचा अर्धा मेळ तिच्यात रुजला. फार हाल झाले तिचे, केस गेले, महिनोन्‌महिने तोंडाला चव नव्हती, पण ती परत शाळेत उभी राहिली. प्रणय दर काही महिन्यांनी रक्त देऊन जातो. त्याच्यासाठी दाता आत्तापासून शोधून ठेवलाय. आता लॅब मी चालवते, माळा तसाच आहे. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

शेट जेवायला बसले होते. मॅडम समोर उभ्या राहिल्या, हात पुढे बांधून, आमचा टेक्निशियन राहायचा तशा.

"तुमच्या बायकोच्या रक्तात मी न बघता दोन लिहिले. चूक माझी. खरा आकडा शून्य."

शेट हसले. मोठ्याने हसले. त्यांना ती नेहमीची गंमत वाटली. "मॅडम, तुमी पन?" म्हणत त्यांनी आत्याला हाक मारली, "आगो, ये बग, आज मॅडमचेच दोन निंगाले!" आणि मग मॅडमच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं. हातातला घास ताटात पडला.

"ती सारकी इचाराची," शेट सावकाश म्हणाले, "मना काय झायलाय, कोनी सांगत का नाय. मी बोलायचो, आगो, मॅडमनी बगलाय. मॅडमनी सोता बगलाय, रगतान काय नाय तुज्या. तवा ती गप बसाची."

आत्या दारात येऊन थांबली होती. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, खाली येऊन काचा फोडेल. त्यांनी हात धुतले, सदरा घातला आणि म्हणाले, "कंची काच? दाखवा मना."

लॅबमध्ये ते मॅडमच्या खुर्चीत बसले. मॅडमनी त्यांना डोळा कसा लावायचा ते दाखवलं. शेटनी अंगठ्यांचे जाड हात मांडीवर ठेवले, काही हलू नये म्हणून, आणि वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच होते. बायकोचं रक्त, गुलाबी-निळं, उजेडात.

"हा तिचा?"

"हो."

"लय गर्दी हाय." आणि डोळा न काढता त्यांनी विचारलं, "कोन नाय यान?"

 मॅडमना ते म्हणायला लागू नये म्हणून मीच पुढे झाले. "मोनोसाइट, शेट," मी म्हणाले.

"तुना नाय इचारला, पोरी."

"मोनोसाइट," मॅडम म्हणाल्या. "एकही नाही. तेव्हाही नव्हता."

शेट उठले. खुर्ची मॅडमकडे सरकवली, लॅबचा कोरा रिपोर्ट टेबलावरून उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेन काढून दिलं.

"मंग लिवा," ते म्हणाले. "तिचा नाव घालून लिवा."